घरच्या घरी सुपरफ्लॅट: एक सपाट चित्र काढायला किती थर लागतात

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा दिलेल्यांना संकल्पचित्राचा पेपर आठवत असेल. चौकटीत पान-फूल-वेलबुट्टी बसवायची, पोस्टर कलरने भरायची, आणि आमचे सर मागून येऊन म्हणायचे, रंग फ्लॅट बसू दे, ब्रश दिसता कामा नये. म्हणजे वस्तुचित्रात तांब्यावरचा उजेड दाखवा, खाली पडलेली सावली दाखवा, आणि पुढच्या पेपरला एकदम उलटं, सावली नको, खोली नको, नुसता रंग. मला तेव्हा तो आरामाचा पेपर वाटायचा. वीसेक वर्षांनी हौस म्हणून सुपरफ्लॅट स्टाइलचं, म्हणजे सावली-खोली नसलेलं, नुसत्या सपाट रंगीत आकारांचं चित्र करायला घेतलं तेव्हा कळलं की खरी मारामारी त्याच पेपरात होती, आपण लहान होतो म्हणून कळली नाही.

ज्यांना नावच नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगते. ताकाशी मुराकामी हा १९६२ साली टोकियोत जन्मलेला चित्रकार, सगळे त्याला तोंड फाकून हसणाऱ्या रंगीत फुलांवरून ओळखतात. (कादंबऱ्या लिहिणारा मुराकामी वेगळा, तो हारुकी.) २००० साली त्याने टोकियोत पार्कोच्या गॅलरीत सुपरफ्लॅट नावाचं एक प्रदर्शन मांडलं, त्यात चित्रकार, ॲनिमेटर, फॅशनवाले, खेळण्यातले पुतळे बनवणारे सगळे एकाच रांगेत बसवले, पुढच्या वर्षी ते लॉस एंजेलिसला गेलं आणि ते नाव चळवळीला चिकटलं ते चिकटलंच. गंमत अशी की लहानपणी ॲनिमेटर व्हायचं स्वप्न बघणारा हा माणूस शिकला मात्र निहोंगा, म्हणजे खनिज रंग, सरस, सोन्याचा वर्ख असली जुन्या वळणाची जपानी चित्रकला, आणि त्यात १९९३ साली डॉक्टरेट पण केली. त्यामुळे हे कार्टूनवाल्याने केलेलं काम नाहीये, हे सोवळ्यातल्या माणसाने मुद्दाम कार्टूनकडे जाऊन केलेलं काम आहे, आणि हा फरक चित्र काढताना पदोपदी लक्षात ठेवायला लागतो.

आधी नुसतं बघा

ब्रश हातात घ्यायच्या आधी एक दिवस नुसतं बघण्यात घालवा, आणि बघायचं म्हणजे छान छान म्हणायचं नाही, आपला डोळा कुठून कुठे पळतोय ते पकडायचं.

कानो सान्सेत्सु नावाच्या चित्रकाराचं म्हाताऱ्या प्लमच्या झाडाचं चित्र नेटवर मोठ्या साइजमध्ये मिळतं, १६४६ सालचं, चार सरकत्या दरवाजांवर काढलेलं, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मागे सगळं सोनं. खोड वर जातं, कोपरात मोडल्यासारखं वाकतं, खाली येतं, परत वर, आणि आपला डोळा त्याच्याबरोबर आडवा घसरत जातो. आत मात्र कुठेच शिरत नाही, कारण आत शिरायला जागाच ठेवलेली नाही. कलेचा इतिहास लिहिणारे त्सुजी नोबुओ यांनी १९७० साली सान्सेत्सु, इतो जाकुचू, सोगा शोहाकू अशा विक्षिप्त म्हणून बाजूला पडलेल्या चित्रकारांना एका माळेत ओवलं, आणि मुराकामीने तीच माळ पुढे ओढून त्यात कानादा योशिनोरी हा ॲनिमेटर ओवला. कानादाच्या ज्वाळा आणि स्फोट म्हणजे पडद्यावर आडवेतिडवे धावणारे आकार, धूर म्हणून मऊ मऊ काही नाही, सगळं कातरून चिकटवल्यासारखं.

आणि हा सपाटपणा सगळा काही परंपरेतून आलेला नाही हां, बराचसा पैशाच्या तंगीतून आलाय. १९६३ मध्ये तेझुका ओसामू या कॉमिक्सवाल्याने ॲस्ट्रो बॉय ही कार्टून मालिका टीव्हीवर आणली तेव्हा आठवड्याला एक भाग द्यायचा, बजेट तुटपुंजं, मग सेकंदाला चोवीस चित्रं कोण काढणार, आठच काढायची, ओठ हलवायचे बाकी माणूस पुतळा, जुने शॉट परत परत वापरायचे. काटकसर करता करता स्टाइल झाली. मला स्वतःला सुपरफ्लॅटमधली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, तत्त्वज्ञान नंतर आलं, आधी डेडलाइन होती.

तर करायचं काय, एखाद्या ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टूनचा स्क्रीनशॉट आणि ते प्लमचं झाड, दोन्ही प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि डोळा ज्या वाटेने जातो ती वाट पेन्सिलने ओढा, न थांबता. मग एखादा निसर्गचित्राचा फोटो घेऊन तेच करा. निसर्गचित्रात रेघ मधल्या कुठल्यातरी बिंदूकडे ओढली जाते, इथे ती कागदभर भटकत राहते. हा फरक हाताला एकदा कळला की पुढचं अर्धं काम सोपं.

पात्र

सुपरफ्लॅट चित्राला एक पात्र लागतं. मुराकामीने १९९३ मध्ये मिस्टर डॉब केला, माकड म्हणा उंदीर म्हणा असं काहीतरी, एका कानावर डी, दुसऱ्या कानावर बी आणि मधला गोल चेहरा म्हणजेच ओ. नाव आलं "का? का?" अशा अर्थाच्या एका विनोदी, तोडमोड केलेल्या जपानी शब्दावरून. म्हणजे पात्राच्या चेहऱ्यावर लिहिलंय काय तर "का". आणि हे पात्र तो आजपर्यंत वाकवतोय, कधी गोंडस, कधी दहा डोळ्यांचं, कधी अणकुचीदार दातांचं, कधी वितळून तोंडातून रंग ओकणारं.

आता मुद्दा, त्याची फुलं उचलू नका. सरावाला वहीत काढा, कोणी काही म्हणत नाही, पण ती कॉपीराइटवाली आहेत आणि दुसरं म्हणजे तुमच्या भिंतीवर दुसऱ्याचं फूल लावून तुम्हाला काय मिळणार. स्वतःचं पात्र करा. स्वयंपाकघरातून उचला, ओट्यावर जे पडलंय ते. माझं पात्र ढब्बू मिरची आहे. डॉब आणि ढब्बू, नाव जुळलं हे नंतर लक्षात आलं, आधी नुसती फ्रिजमधली सुरकुतलेली मिरची होती.

पात्र काढायची रीत अशी. आधी बाहेरचा आकार, एकच सलग रेघ, सगळीकडे सारख्या जाडीची, आणि तो आकार काळा भरला तरी ओळखू यायला पाहिजे (ही ट्रिक कार्टूनवाले सगळे वापरतात). मग डोळे, आणि डोळ्यांवर कंजुषी करायची नाही, अर्धा चेहरा डोळ्यांना द्या, आत दोन-तीन गोल, एक पांढरा ठिपका. मग एक गोष्ट चुकीची करा. हे विसरलात तर वाढदिवसाच्या केकवरचं चित्र होतं, माझी पहिली चार ढब्बू तशीच झाली होती, पोरांना जाम आवडली आणि मला रडू आलं. पाचवीला मी आतल्या बियांचे दात केले. बारीक, पिवळट, खूप. तेव्हा कुठे ती माझ्याकडे बघायला लागली.

हे दात, हे वाकडेपण का, तर त्यामागे मोठी गोष्ट आहे. २००५ मध्ये मुराकामीने न्यूयॉर्कच्या जपान सोसायटीत सुपरफ्लॅटच्या प्रदर्शन-मालिकेतलं तिसरं प्रदर्शन मांडलं, नाव लिट्ल बॉय, हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं सांकेतिक नाव. म्हणणं असं की युद्ध हरल्यावर, अमेरिकेच्या सावलीत, जपानने स्वतःला लहान मूल करून घेतलं, आणि तो सगळा धक्का मोठ्यांच्या साहित्यात कमी आणि राक्षसांच्या सिनेमात, पोरांच्या मालिकांत, गोंडस बाहुल्यांत जास्त जाऊन बसला. सत्तरच्या दशकात टाइम बोकान नावाची पोरांची टीव्ही मालिका होती, त्यात खलनायकांचा पराभव झाला की कवटीच्या आकाराचा अणुबॉम्बचा ढग उठायचा, दर भागाला, हसण्यावारी. मुराकामीने तोच कवटीढग घेऊन सपाट, सुंदर, एकरंगी पार्श्वभूमीवर चित्रं केली. पोरांच्या कार्टूनमध्ये अणुबॉम्ब जोक झालाय हे बघून अंगावर काटा येतो, आणि रंग इतके गोड की नजर हटत नाही. हे दोन्ही एकदम व्हायला पाहिजे. सगळं म्हणणं मला पटतं असं नाही, अख्ख्या देशाला एक मनोविकार चिकटवणं जरा सोयीचं वाटतं, पण चित्र काढताना हे सूत्र भारी उपयोगी पडतं, गोड आणि भयानक एकाच रेघेत.

मांडणी

कागदावर थेट मांडणी करू नका. पात्राच्या आठ-दहा झेरॉक्स काढा, वेगवेगळ्या साइजच्या, कात्रीने कापा आणि जमिनीवर बसून एका रंगीत कागदावर सरकवत रहा. क्षितिजाची रेघ नको. खाली जमीन वर आभाळ असं नको. लहान म्हणजे लांब आणि मोठं म्हणजे जवळ हा हिशेबही सोडा, लहान आहे कारण लहान आहे. जुन्या जपानी गुंडाळी चित्रांत घराचं छप्परच उडवून टाकायचे आणि वरून तिरकं आत बघायचे, पण लांबची भिंत बारीक होत नसे, समांतर रेघा समांतरच. आपल्याकडे रांगोळी काढताना कोणी विचारतं का सूर्य कुठल्या बाजूला आहे? तसंच.

दोन रस्ते आहेत, एकतर ठासून भरा, कडेपासून कडेपर्यंत, आकार चौकटीबाहेर कापले गेले तरी चालतील, किंवा एकच पात्र आणि बाकी सगळं मोकळं, त्या सोन्यासारखं. मधलं काही केलंत तर चित्र बिचकल्यासारखं दिसतं.

मुराकामीने २००० साली जे लिहिलं त्यात सुपरफ्लॅट समजावताना एक साधं उदाहरण दिलंय, की कॉम्प्युटरवर ग्राफिक करताना तुम्ही सगळे वेगवेगळे लेयर एकत्र मर्ज करता ना, तो क्षण. फोटोशॉप वापरणाऱ्याला हे लगेच समजतं. मर्ज करायच्या आधी मागचं मागे, पुढचं पुढे, प्रत्येक थर हवा तेव्हा लपवता-दाखवता येतो, आणि मर्ज केलं की सगळं एका कातडीत. हेच तो समाजाबद्दल पण म्हणतो, की अमुक उच्च कला, तमुक बाजारू, हे थर जपानात तसे नव्हतेच. ललित कलेला जपानी भाषेत जो शब्द आहे तो सुद्धा १८७३ च्या व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी घडवलेला, त्याआधी पडदा, पंखा, किमोनो, चित्र, सगळं कामच.

जमिनीवरची मांडणी पटली की मोबाइलने सरळ वरून फोटो काढा आणि मग एक रात्र झोपा. सकाळी फोटो उलटा करून बघा. जिथे डोळा अडकतो तिथला एक तुकडा उचलून टाका.

सामान आणि रंग

कार्ट्रिज शीटवर करू नका, ओलं झालं की फुगतं. सहा एमएमचा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा तुकडा घ्या, फूटभर बाय फूटभर, सुतारकामाच्या दुकानात कापून देतात. त्याला जेसोचे, म्हणजे रंगाआधी मारायच्या पांढऱ्या अस्तराचे तीन हात, जेसो महाग वाटला तर सरावापुरता भिंतीचा पांढरा ॲक्रिलिक प्रायमर चालतो. पहिला हात आडवा, दुसरा उभा, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा आणि मध्ये हलकं घासायचं. एमडीएफच्या कडांना विसरू नका, कडा पाणी पितात.

रंग ॲक्रिलिक. पोस्टर कलर स्वस्त आणि सुंदर मॅट बसतो, मान्य, पण दुसरा हात मारला की खालचा विरघळून वर येतो, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका, जुलैमध्ये मी एक चित्र पोस्टर कलरने केलं होतं, चार दिवसांनी हात लावला तर अंगठ्याचा ठसा उमटला. ॲक्रिलिक एकदा वाळला की वाळला. फक्त लक्षात ठेवा की तो वाळल्यावर किंचित गडद होतो, म्हणून रंग जुळवताना कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून मगच ठरवा.

आता मुख्य काम, नंबर. मांडणीच्या फोटोवरून बाह्यरेषेची एक प्रिंट काढा आणि प्रत्येक आकारात रंगाचा नंबर लिहा. हे हौशी लोकांचं रंगभरण पुस्तक वाटेल पण मुराकामीच्या स्टुडिओत असंच चालतं, तो पेन्सिलने स्केच करतो, ते स्कॅन होतं, सहायक इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरवर रेघा गुळगुळीत करतात, मग रेषा कॅनव्हासवर उतरतात आणि नंबराप्रमाणे रंग भरले जातात. २००३ मध्ये त्याने फॅशन डिझायनर मार्क जेकब्जसाठी लुई व्हितॉन या महागड्या पिशव्यांच्या कंपनीच्या तपकिरी मोनोग्रामचे (पिशवीभर छापलेल्या आद्याक्षरांच्या नक्षीचे) रंग बदलले तेव्हा ३३ रंग वापरले होते, आणि ३३ रंग पिशवीवर नीट बसवायला डोक्यात नाही, कागदावर हिशेब लागतो. आपल्याला दहा-बारा पुरे. त्यातले तीन असे ठेवा की जे शेजारी आले की डोळ्यांना टोचतात, आणि एक मळका ठेवा, चहात बिस्किट विरघळल्यासारखा. सगळे चॉकलेटच्या कागदासारखे झाले की चित्र ओरडत बसतं.

प्रत्येक रंग झाकणाच्या छोट्या डबीत, भरपूर, लागेल त्याच्या दुप्पट बनवा. हे मी ओरडून सांगते कारण अर्ध्यात संपलेला रंग जन्मात परत जुळत नाही. माझ्या तिसऱ्या चित्रात डावीकडची मिरची आणि उजवीकडची मिरची दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या वाटतात. डबीवर नंबर, कागदावर त्याचा ठिपका, शेजारी कुठल्या ट्यूबमधून किती घेतला ते.

रंग ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा पातळ. सपाट सिंथेटिक ब्रश, अर्धा इंच. पातळ हात मारायचे, एकात झाकायचा प्रयत्न करायचा नाही, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा परत आडवा, पिवळा आणि लाल तर चार-पाच हात खातात. पिवळ्याखाली आधी पांढरा मारून घ्या म्हणजे दोन हात वाचतील. मध्येच अर्धवट वाळलेल्या जागी "एवढंच जरा" म्हणून ब्रश नेलात तर तिथे चट्टा पडणार, हे लिहून घ्या. मोह आवरत नसेल तर खोलीतून बाहेर जा, चहा टाका.

सरळ कडांना मास्किंग टेप. टेप लावल्यावर आधी टेपच्या कडेवर खालचाच रंग एकदा फिरवायचा, तो फटीत जाऊन बसतो आणि मग वरचा रंग आत शिरत नाही. आणि टेप काढायची शेवटचा हात जरा ओलसर असतानाच, हळू, मागे दुमडून. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाचं कातडं पण बरोबर येतं, मी ढब्बूचा अर्धा डोळा असाच घालवलाय.

घासकाम

बहुतेक लोक इथे सोडून देतात आणि खरी मजा इथेच आहे. प्रत्येक मोठ्या रंगाचे हात झाले की पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग चारशे नंबरचा वॉटर पेपर, तोच गाडी रंगवणाऱ्या गॅरेजवाल्यांकडे असतो तो, पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि अगदी हलक्या हाताने गोल गोल. कोरडं घासू नका, ती धूळ नाकात जाते. ब्रशच्या खुणांचे उंचवटे जातात, पुसा, वाळवा, परत पातळ हात, परत घासा, दुसऱ्यांदा आठशे नंबरने. तीनदा केलं की बोट फिरवल्यावर काचेसारखं लागतं आणि रंग कोणी लावला असं वाटतच नाही, आतून उगवल्यासारखा.

न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये मुराकामीचं १९९६ चं ७२७ नावाचं चित्र आहे, तीन पॅनेलचं, दातवाला डॉब एका लाटेवर स्वार झालाय. लाट जुन्या गुंडाळी चित्रातल्या ढगावरून आलीये, नाव आलंय शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनच्या खिडकीतून शेतात दिसणाऱ्या एका सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या होर्डिंगवरून. म्हणजे बाराव्या शतकातला ढग आणि क्रीमची जाहिरात एकाच फळीवर. पण मला त्याची पार्श्वभूमी बघायला आवडते. थरावर थर रंग लावून मग तो घासून काढलाय, खालचे रंग कुठे कुठे वर आलेत, जुन्या गंजलेल्या पत्र्यासारखं, आणि त्यावर डॉब मात्र एकदम प्लास्टिक. सपाट म्हणतात त्याला, आणि पोटात एवढे थर.

तसं करून बघायचं असेल तर पार्श्वभूमीला पाच-सहा वेगळे रंग एकावर एक मारा, अगदी भांडणारे रंग, शेवटचा तुम्हाला हवा तो, आणि मग चारशेने थोडा जोर लावून असमान घासा. कुठे थांबायचं हे हातच सांगतो. जास्त घासलं तर परत एक हात आणि परत सुरू, इथे चूक अशी काही नसते. पात्राच्या जागी मात्र टेप किंवा कागद लावून ठेवा.

रेषा

बाह्यरेषा सगळ्यात शेवटी. हाताला सवय असेल तर राउंड झिरो नंबरचा ब्रश आणि पातळ काळा, श्वास रोखून. नसेल तर ॲक्रिलिकचे मार्कर पेन मिळतात, ते चालतात, लाजायचं काही नाही. काळाच पाहिजे असंही नाही, त्याच रंगाची गडद रेघ ओढली तर चित्र जरा शांत होतं.

अजून एक उपाय आहे, माझा लाडका. स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून रंग दाबून छापायचं. कायकाई किकी, म्हणजे मुराकामीची कंपनी (आधी हिरोपॉन फॅक्टरी होती १९९६ पासून, २००१ ला हे नाव झालं), तिथे एकेका चित्राला ढिगाने स्क्रीन लागतात. आपल्याकडे लग्नपत्रिका छापणारे अजूनही स्क्रीन प्रिंटिंग करतात, गावात एकतरी सापडतोच. त्यांना तुमच्या रेषेची काळी प्रिंट द्या, ट्रेसिंगवर किंवा फिल्मवर, ते स्क्रीन बनवून देतात. सीझन सोडून जा, लग्नसराईत तुमच्या मिरचीसाठी कोणाला वेळ नसतो. आमच्याकडच्या काकांनी स्क्रीन बघून विचारलं, "मुलीकडचे की मुलाकडचे?" मग घरी येऊन स्क्वीजीने (रबराच्या पट्टीने) एकदा रंग ओढायचा, आणि तीच रेघ दहा फळ्यांवर दहा रंगांत. स्क्रीन लगेच धुवायचा, ॲक्रिलिक जाळीत वाळला की स्क्रीन गेला.

हाताने नको असेल तर

कॉम्प्युटरवर करणाऱ्यांनी कमीपणा मानू नये. चिहो आओशिमा ही या गोतावळ्यातली माझी सगळ्यात आवडती, तिने कलेचं शिक्षण घेतलेलं नाही, अर्थशास्त्र शिकली, आणि इलस्ट्रेटरवर काम करायला लागली. व्हेक्टरचा, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिताने साठवलेल्या रेघांचा फायदा हा की बोटाएवढं चित्र ट्रेनएवढं केलं तरी रेघ फाटत नाही, लंडनच्या ग्लॉस्टर रोड मेट्रो स्टेशनच्या कमानींत २००६ मध्ये तिचं काम लागलं होतं, इमारतींना चेहरे, डोंगरांना चेहरे. मुराकामीच्या अलीकडच्या फुलांपेक्षा मला तिचं काम जास्त जिवंत वाटतं. इंकस्केप हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे, पेन्सिल स्केचचा फोटो खाली ठेवा, बेझियर पेनने वरून रेघ ओढा, आणि बिंदू कमीत कमी ठेवा, गोलाला चार पुरे, चौदा टाकले की रेघ थरथरते. ग्रेडियंट, ग्लो, ड्रॉप शॅडो या बटणांकडे निदान पहिल्या चित्रात बघायचंच नाही.

आणि प्रत्येकाने गुळगुळीतच केलं पाहिजे असंही नाही. योशितोमो नाराची ती रागीट मोठ्या डोक्याची पोरगी याच चळवळीत धरतात, पण त्याच्या कॅनव्हासवर जवळून बघा, ब्रश दिसतो, खालचे रंग दिसतात. आया ताकानोच्या हडकुळ्या पोरी तर रेघेनेच जगतात. तुमचा हात कसा आहे त्यावर ठरवा.

झालं, आता याचं करायचं काय

मॅट वार्निशचे दोन पातळ हात. चकचकीत वार्निश लावलं की खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि सपाट चित्राला परत खोली आली.

मग याच चित्राचे स्टिकर करा, कीचेन करा, पिशवीवर छापा. हे चित्राच्या खालच्या पायरीचं काम नाही, इथे पायरीच नाही. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोका म्युझियममधल्या मुराकामीच्या मोठ्या प्रदर्शनात लुई व्हितॉनचं चालू दुकान प्रदर्शनाच्या आतच होतं, लोक पिशव्या विकत घेत होते आणि समीक्षक कपाळाला हात लावत होते. त्याआधी २००३ मध्ये त्याने स्वतःच्या शिल्पांच्या बोटभर उंचीच्या प्रतिकृती खाऊबरोबर मिळणाऱ्या खेळण्यांसारख्या जपानातल्या किराणा दुकानांत विकायला ठेवल्या, आणि त्याचंच एक मोठं शिल्प २००८ च्या लिलावात दीड कोटी डॉलरच्या वर गेलं. आता याला कला म्हणायचं का धंदा, तर तो म्हणणार हा प्रश्नच बाहेरचा आहे. मला मधूनमधून तो शुद्ध धंदाच वाटतो. पण माझ्या डब्यावर ढब्बूचा स्टिकर आहे आणि भिंतीवर ढब्बूची फळी आहे आणि दोन्हीकडे बघून मला सारखंच बरं वाटतं, तेव्हा मी कोण बोलणार.

शेवटी फळी उलटी करा. मुराकामीच्या चित्रांच्या मागे त्या त्या चित्रावर राबलेल्या सहायकांची नावं लिहिलेली असतात. माझ्या फळीमागे माझं नाव आहे, रंगाच्या डब्यांना नंबर लावणाऱ्या भाचीचं आहे, आणि स्क्रीनवाल्या काकांचं आहे. ते बघून काका म्हणाले की पत्रिकेवर तर खाली प्रेसचं नाव टाकतोच आम्ही, यात नवीन काय.